विश्वचषकाचं बोलावणं

१८७७ च्या अखेरीस कलकत्ता फुटबॉल क्लबाच्या खात्यात पैसे होते आणि खेळायला माणसं उरली नव्हती. जेमतेम पाच वर्षांपूर्वी, १८७२ च्या नाताळात, कलकत्त्यात इंग्रज एका बाजूला आणि स्कॉटिश-आयरिश-वेल्श दुसऱ्या बाजूला असा वीस-वीस जणांचा रग्बीचा सामना झाला आणि त्या उत्साहात हा क्लब निघाला होता. मग खेळाडू पुरवणाऱ्या पलटणी दुसरीकडे गेल्या, उकाड्याला लोक वैतागले, पोलो आणि टेनिसकडे वळले. क्लबात दारू फुकट मिळायची ती बंद झाल्यावर गर्दी ओसरली, असंही सांगतात. माणसाच्या स्वभावाकडे पाहता मला हेच कारण सर्वांत पटतं.

कप्तान, चिटणीस आणि खजिनदार ही तिन्ही पदं तेव्हा रॉथनी नावाच्या एकाच गृहस्थाकडे होती. शिल्लक रक्कम खाऊन-पिऊन उडवण्यापेक्षा तिचा चषक करावा, असं त्याने सुचवलं. बँकेतून चांदीचे २७० रुपये काढले आणि वितळवले. भारतीय कारागिरांनी त्यातून जो चषक घडवला त्याला तीन मुठी आहेत. मूठ म्हणजे फणा काढलेला नाग, आणि झाकणावर हत्ती. चषक लंडनला रग्बी फुटबॉल युनियनकडे गेला. क्लबाची इच्छा अशी की, फुटबॉलमध्ये एफए कप आहे तसा रग्बीच्या क्लबांसाठी हा असावा. क्लबांनी खेळत खेळत वर यावं आणि शेवटी उरेल त्याने तो न्यावा.

युनियनने चषक ठेवून घेतला आणि कल्पना परत केली. सभ्य माणसं खेळासाठी खेळतात, बक्षिसासाठी एकमेकांच्या उरावर बसत नाहीत, हा त्यांचा बाणा. १८७९ पासून तो चषक फक्त इंग्लंड आणि स्कॉटलंड यांच्या वार्षिक सामन्याला लागला आणि आजही तिथेच आहे. त्या सामन्यासाठी पात्र ठरायचं तर इंग्लंड किंवा स्कॉटलंड असावं लागतं. दुसरी अट नाही.

रग्बीच्या पात्रता फेरीची कुळकथा मला या नकारापासून सुरू करावीशी वाटते, कारण ही फेरी जन्मली ती मुळात बोलावण्याला लावलेलं ठिगळ म्हणून. आमच्या रायपुरात, शंकर नगरात, क्रिकेट विश्वचषकाची समीकरणं पानाच्या ठेल्यावर तोंडपाठ मिळतील. अमुक हरला आणि तमुकला पाऊस आडवा आला तर आपण कसे आत जाऊ, हे शाळकरी पोरही सांगेल. रग्बीची समीकरणं कुणाच्या गावी नाहीत. वास्तविक कोण आत आणि कोण बाहेर, या प्रश्नाचा इतका रंजक घोळ दुसऱ्या खेळात क्वचितच सापडेल.

विश्वचषक या कल्पनेला मान्यता मिळायला १९८५ उजाडलं. मार्चमध्ये पॅरिसला आंतरराष्ट्रीय रग्बी बोर्डाची बैठक भरली. सदस्य देश आठ, प्रत्येकाची मतं दोन. न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाचा प्रस्ताव १० विरुद्ध ६ मतांनी मंजूर झाला. आयर्लंड आणि स्कॉटलंड ठाम विरोधात. इंग्लंड आणि वेल्स यांचं एकेक मत इकडे, एकेक तिकडे. दक्षिण आफ्रिकेने दोन्ही मतं बाजूने दिली, आणि ती देताना वर्णभेदामुळे आपल्याला या स्पर्धेत घेणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं.

मग १९८७ ची पहिली स्पर्धा. संघ सोळा, पात्रता फेरी शून्य. दक्षिण आफ्रिका वगळून सात सदस्य, आणि उरलेल्या नऊ पानांवर बोलावलेले पाहुणे: अर्जेंटिना, फिजी, इटली, कॅनडा, रुमानिया, टोंगा, जपान, अमेरिका आणि झिंबाब्वे. पंगत यजमानाच्या मर्जीची असली की कुणीतरी ताकदीचा दाराबाहेर राहतोच. इथे राहिला पश्चिम सामोआ. शेजारचे फिजी आणि टोंगा आत, हे बाहेर.

१९९१ साठी प्रथमच चाळण लागली. आधीच्या स्पर्धेतल्या उपांत्यपूर्व फेरीच्या आठ संघांना थेट प्रवेश आणि बाकी आठ जागांसाठी खंडाखंडांत सामने. आशिया आणि पॅसिफिकची फेरी एप्रिल १९९० मध्ये टोकियोत झाली. जपान, दक्षिण कोरिया, टोंगा आणि सामोआ असे चौघे, जागा दोन. सामोआ पहिला आला, जपान दुसरा, आणि गेल्या वेळचा पाहुणा टोंगा घरी राहिला.

पुढचं सगळं एका दुपारी उलटंपालटं झालं. ६ ऑक्टोबर १९९१, कार्डिफ. चार वर्षांपूर्वी विश्वचषकात तिसरा आलेला वेल्स स्वतःच्या मैदानावर पश्चिम सामोआकडून १६–१३ असा हरला. बरं झालं, आख्ख्या सामोआशी गाठ पडली नाही, पश्चिमेनेच काम भागलं, असा विनोद तेव्हा वेल्समध्ये फिरला. पण या पराभवाची खरी किंमत पुढे कळली. वेल्स गटातच बाद झाला, म्हणजे पहिल्या आठांत नाही, म्हणजे १९९५ साठी थेट प्रवेश नाही. ज्या देशात रग्बी हा जवळपास धर्म आहे, त्याचा संघ मे १९९४ मध्ये रांगेत उभा राहण्यासाठी लिस्बनला गेला आणि पोर्तुगालला १०२–११ असं हरवून आला. तीन दिवसांनी माद्रिदला स्पेनविरुद्ध ५४–०. सामोआला कुणी १९८७ मध्येच बोलावलं असतं तर वेल्सवर ही वेळ आली असती का, कोण जाणे.

आशियात तर त्याहून मोठे आकडे लागत होते. ऑक्टोबर १९९४ मध्ये क्वालालंपूरला हाँगकाँगने सिंगापूरला १६४–१३ असं धुतलं. अ‍ॅशली बिलिंग्टन या एकट्या खेळाडूने दहा ट्राय केले, म्हणजे पन्नास गुण.

१९९९ ला संघ वीस झाले आणि नियमकर्त्यांना एकदाचा न्यायाचा झटका आला. थेट प्रवेश फक्त चौघांना: आधीच्या स्पर्धेतले पहिले तीन आणि यजमान वेल्स. इंग्लंड, ऑस्ट्रेलिया, आयर्लंड, स्कॉटलंड सगळे रांगेत. १४ नोव्हेंबर १९९८ ला हडर्सफील्डला इंग्लंडने नेदरलँड्सवर ११०–० असा विजय मिळवला. त्याच महिन्यात आयर्लंडने जॉर्जियाला ७०–० ने हरवलं. हा खेळ आहे की कत्तल, असं लोक म्हणू लागले. २००३ पासून पुन्हा आठ जण बिनपरीक्षेचे पास, आणि २०११ पासून गटात पहिल्या तिघांत येणारे बारा जण. न्यायाचा झटका एकाच स्पर्धेपुरता टिकला.

मला हा निर्णय पटलेला नाही. एकशे दहा गुण खाल्लेल्या डच खेळाडूंना निदान इंग्लंडच्या मैदानावर इंग्लंडशी भिडता तरी आलं. सत्तर गुणांनी हरलेल्या त्याच जॉर्जियाने नोव्हेंबर २०२२ मध्ये कार्डिफला वेल्सला १३–१२ असं हरवलं. दरम्यान पात्रता फेरीत त्यांची बड्यांशी गाठ पडायची सोय जवळपास उरली नव्हती. चाळण आता फक्त लहानांना लागते.

१९९९ चा एक शोध मात्र टिकला, तो रेपेशाज. कुस्तीच्या शौकिनाला तो समजावून सांगायला नको. सुशील कुमारचं बीजिंगचं आणि साक्षी मलिकचं रिओचं कांस्य त्याच वाटेने आलं. रग्बीत आपापल्या खंडात थोडक्यात हुकलेले संघ समोरासमोर येतात आणि शेवटच्या एक-दोन जागा त्यांच्यातून भरतात. पहिल्या खेपेला उरुग्वे आणि टोंगा असे आत आले.

रांग लांबली की रांगेतली भांडणंही वाढतात. १८ मार्च २०१८ ला ब्रसेल्सला स्पेन बेल्जियमकडून १८–१० असा हरला. जिंकला असता तर थेट विश्वचषकात. पंच रुमानियाचा होता, आणि स्पेन हरल्याने फायदा रुमानियाचा. सामना संपल्यावर स्पेनचे खेळाडू त्या पंचामागे धावले. मग चौकशी लागली तेव्हा निघालं भलतंच: स्पेन, रुमानिया, बेल्जियम, तिघांनीही त्या देशाकडून खेळण्यास अपात्र असलेले खेळाडू उतरवले होते. तिघांचे गुण कापले आणि या भानगडीत कुठेच नसलेला रशिया २०१९ च्या जपानच्या विश्वचषकाला गेला. एवढं होऊनही २०२३ च्या फेरीत स्पेनचा पुन्हा एक खेळाडू अपात्र निघाला आणि मैदानात मिळवलेली जागा रुमानियाला गेली. वास्तव्याच्या आधारावर एखाद्या देशाकडून खेळायचं तर तिथे सलग राहण्याची मुदतही पुढे पाच वर्षांची झाली. पूर्वी तीन वर्षं पुरत.

आणि आपण? मुंबईत बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात, चिखलात रग्बी रंगतं ते जुनंच. पण भारताचा संघ आशियाई स्पर्धेत पहिल्यांदा उतरला १९९८ मध्ये. अभिनेता राहुल बोस त्या संघात होता आणि पुढे तोच राष्ट्रीय संघटनेचा अध्यक्ष झाला. आमच्या शेजारच्या ओडिशात तर भुवनेश्वरच्या कलिंग संस्थेतली आदिवासी मुलं २००७ मध्ये लंडनची चौदा वर्षांखालील शालेय स्पर्धा जिंकून आली. महिलांच्या पंधराच्या संघाने जून २०१९ मध्ये मनिलाला सिंगापूरला २१–१९ असं हरवून पहिला आंतरराष्ट्रीय विजय मिळवला. कप्तान होती पुण्याची वाहबिज भरुचा. शेवटच्या मिनिटांत ओडिशाच्या सुमित्रा नायकने पेनल्टी किक खांबांमधून काढली आणि सामना फिरला.

पुरुषांचा विश्वचषक २०२७ ला ऑस्ट्रेलियात आहे, संघ चोवीस, थेट प्रवेश बाराच. आशियाची एकुलती एक थेट जागा २०२५ मध्ये वरच्या गटातून हाँगकाँगने घेतली. १९८७ चा पाहुणा झिंबाब्वे १९९१ नंतर पहिल्यांदा परतला, कंपालाला नामिबियावर ३०–२८ अशी मात करून. आणि चोविसावी जागा कुणाची? नोव्हेंबर २०२५ मध्ये दुबईला बेल्जियमशी १३–१३ अशी बरोबरी साधून ती सामोआने घेतली.

भारत २०२४ मध्ये आशियाच्या दुसऱ्या पायरीवर, डिव्हिजन एकमध्ये, कोलंबोत खेळला. समोर श्रीलंका, कझाकस्तान आणि कतार. जिंकणाऱ्याला वरच्या गटात बढती होती आणि ती श्रीलंकेने घेतली. म्हणजे २०३१ च्या अमेरिकेतल्या विश्वचषकाचा नुसता विचार करायचा तरी आधी तो डिव्हिजन जिंकायला हवा.