तुरीचा अभ्यासक आणि जाळावयाचा ग्रंथ

आमच्या ग्वाल्हेरकडील तूर शेतात आठ-नऊ महिने उभी असते. आषाढात पेरावी आणि चैत्राच्या सुमारास कापावी, असा तिचा संथ संसार. मध्येच फुलोरा गळू लागला की शेतकरी हवालदिल होतो. शासकीय सेवेत पीकपाण्याच्या नोंदी तपासताना हे हवालदिल चेहरे आम्ही पुष्कळ पाहिले. या गळणाऱ्या फुलांचा चोख हिशोब एका इंग्रज जीवशास्त्रज्ञाने हैदराबादेजवळ मांडला होता, हे मात्र आम्हांस निवृत्तीनंतरच्या वाचनात कळले. त्याचे नाव रूपर्ट शेल्ड्रेक.

१९४२ साली जन्मलेले शेल्ड्रेक केंब्रिजमध्ये जीवरसायन शिकले आणि तेथेच क्लेअर महाविद्यालयाचे फेलो झाले. वनस्पतीची वाढ घडविणारे ऑक्सिन हे द्रव्य पेशीपेशींतून एकाच दिशेने कसे वाहते, याविषयी त्यांनी फिलिप रूबरी यांच्यासह १९७४ साली मांडलेली उपपत्ती वनस्पतिशास्त्रात आजही मान्य आहे. त्याच वर्षी ते पाटणचेरू येथील ‘इक्रिसॅट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेत आले आणि तूर व हरभरा यांच्या अभ्यासात रमले. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तुरीची फुले मुद्दाम खुडून पाहिली. काही आठवडे फुले खुडली तरी झाड पुढे नवी फुले धरते आणि उत्पन्नातील तूट बहुतांशी भरून काढते, असे त्यांना आढळले. प्रश्न साधा, कसोटी स्वच्छ आणि उत्तर शेतकऱ्याला धीर देणारे!

अशा माणसाने पुढे निराळीच वाट धरली. कावेरीतीरी शांतिवनम् येथे बीड ग्रिफिथ्स या ख्रिस्ती साधूंच्या आश्रमात सुमारे दीड वर्ष राहून त्यांनी एक ग्रंथ लिहिला. ‘अ न्यू सायन्स ऑफ लाइफ’ या नावाने तो १९८१ साली प्रसिद्ध झाला. निसर्गाला स्मृती असते. एका जातीच्या प्राण्यांनी एकदा आत्मसात केलेली गोष्ट त्याच जातीच्या इतरांना, कोणताही संपर्क नसताना, सोपी होते, असे त्याचे प्रतिपादन. या क्रियेला त्यांनी ‘मॉर्फिक रेझोनन्स’ म्हटले. ‘नेचर’ या ख्यातनाम नियतकालिकाचे संपादक जॉन मॅडॉक्स यांनी अग्रलेख लिहून, हा ग्रंथ जाळण्याजोगा आहे काय, असा प्रश्न शीर्षकातच विचारला. जाळावा, असे त्यांनी सांगितले नाही. परंतु पुढे १९९४ साली दूरचित्रवाणीवर त्यांनी या विचाराला चक्क ‘पाखंड’ ठरविले. शास्त्राच्या दरबारात धर्मपीठाची भाषा यावी, हे आम्हांस शोभादायक वाटत नाही. अग्नीच्या उल्लेखाने ग्रंथाचा खप आणि लेखकाची कीर्ती मात्र वाढली.

खरा निवाडा प्रयोगशाळेतच व्हावयाचा होता. १९९० साली स्टीव्हन रोझ या मेंदूशास्त्रज्ञाने शेल्ड्रेक यांच्यासह कोंबडीच्या पिलांवर प्रयोग आखला. पिवळ्या दिव्याला चोच मारणाऱ्या पिलांना नंतर औषध टोचून मळमळ आणावयाची. म्हणजे तीच पिले पुढे तो दिवा टाळतात. शेल्ड्रेक यांचे म्हणणे खरे असेल, तर नंतर जन्मलेल्या नव्या पिलांनीही अनुभवाविना तो दिवा टाळू लागावयास हवे. प्रयोग झाला, आकडे आले. रोझ म्हणाले, उपपत्ती खोटी ठरली. शेल्ड्रेक म्हणाले, आकडे माझ्याच बाजूचे आहेत. दोघांनी आपापले निबंध वेगवेगळे छापले. तुरीच्या शेतात असा वाद उद्भवला नव्हता. तेथे शेंगा तोलल्या की प्रश्न मिटत असे. ज्या उपपत्तीचा निकाल उपपत्तिकाराच्या नजरेवर अवलंबून राहतो, तिला विज्ञान मान्यता देत नाही, आणि दिलेलीही नाही.

आमची खरी चिंता निराळी आहे. संस्कार, स्मृती, सर्वांभूती एकच तत्त्व हे शब्द आपल्या परिचयाचे. केंब्रिजचा पंडित त्यांच्या जवळपास येताच आपली छाती फुगते आणि पुरावा मागण्याचे भान सुटते. पाश्चात्त्यांनी आपल्याला नावे ठेवली की आपण त्यांच्याकडे दाखले मागतो. त्यांनी पाठ थोपटली की दाखल्याची आठवणही होत नाही. हा दुजाभाव बरा नव्हे. नोंदीखाली पुरावा नसेल तर अर्जदार आपला असो वा परका, प्रकरण प्रलंबितच ठेवावे लागते, एवढे नोकरीने आम्हांस शिकविले.

तानसेनाच्या समाधीजवळील चिंचेची पाने चघळली की गळा सुरेल होतो, अशी आमच्या गावची समजूत. बालपणी आम्हीही ती भक्तिभावाने चघळली. गळा होता तसाच राहिला. ती समजूत आम्हांस आजही प्रिय आहे. परंतु प्रिय असणे आणि सिद्ध असणे यांतील अंतर आम्ही त्या चिंचेखालीच शिकलो. फुले खुडून शेंगा मोजणाऱ्या शेल्ड्रेक यांना हे अंतर उत्तम ठाऊक होते. म्हणूनच त्यांचा ग्रंथ जाळू नये, डोक्यावर घेऊन मिरवूही नये. वाचावा, आणि वाचताना त्यांचीच जुनी तुरीची कसोटी त्याला लावावी.