केळीला बी नसते

वसईतल्या आमच्या वाडीत, विहिरीच्या पाटाला लागून राजेळीचे एक जुने बेट होते. आजी लग्न होऊन या घरात आली तेव्हाही ते तिथेच होते; ते तिच्या सासूने लावले, असे ती सांगे. २०११च्या पावसाळ्यात मी ते बेट माझ्या हाताने मुळासकट खणून काढले. तसे का करावे लागले, हे समजून घेता घेता मी केळीच्या इतिहासाकडे वळलो. हा लेख त्या शोधाचा आहे.

आजीच्या परसात केळीच्या पाच जाती होत्या. ही काही हौस नव्हती. प्रत्येक जातीला घरात वेगळे काम होते. सफेद वेलचीचा घड लहान, साल पातळ, चव किंचित आंबटगोड; नैवेद्याला आणि लहान मुलांना तीच. बनकेळ जाड सालीची, पिठूळ. ती कच्ची असताना भाजीला. तांबडी केळ उशिरा धरते, पण पाहुण्यांपुढे ठेवायला तिच्यासारखे फळ नाही. बसराई बुटकी, म्हणून वाऱ्यापावसात आडवी होत नाही, आणि घड भरगच्च देते. ती बाजारात विकायला. आणि राजेळी. तिच्या घडाला फण्या थोड्या, पण एकेक केळे वीतभराहून लांब. कच्ची तळायला, पिकली की शिजवून खायला आणि मुख्य म्हणजे सुकेळीला.

सुकेळी म्हणजे सुकवलेले केळे. राजेळी पूर्ण पिकू द्यायची, सोलायची, कारवीच्या मांडवावर उन्हात घालायची आणि संध्याकाळी झाकून ठेवायची. चारपाच कडक उन्हे मिळाली की फळ मधाच्या रंगाचे होते. मग केळीच्याच सुक्या पानांत आवळून पुडकी बांधायची. वसई-आगाशीचा हा जुना व्यवसाय. १८८२ साली प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्येही आगाशीच्या सुक्या केळ्यांची नोंद आहे. बसराईची सुकेळी होत नाही का? होते, पण तिला तो पोत आणि तो गर येत नाही. म्हणजे राजेळी गेली की तिच्यामागून सुकेळीही जाते.

या फरकाचे मूळ केळीच्या वंशात आहे. आपण खातो त्या बहुतेक केळ्यांचे पूर्वज दोन रानकेळी. शास्त्रात त्यांना मुसा अक्युमिनाटा आणि मुसा बाल्बिसियाना म्हणतात. रानकेळ्यात मिऱ्याएवढ्या कडक बिया ठासून भरलेल्या असतात. १९५५ साली सिमंड्स आणि शेफर्ड या अभ्यासकांनी पहिल्या पूर्वजाला ‘ए’ आणि दुसऱ्याला ‘बी’ हे अक्षर देऊन जातींची वर्गवारी केली. बसराई ‘एएए’, सफेद वेलची ‘एबी’, राजेळी ‘एएबी’. केरळातली नेंद्रन आणि आपली राजेळी एकाच कुळातल्या. यातल्या तीन अक्षरांच्या जातींत गुणसूत्रांचे तीन संच असतात. ते नीट विभागत नाहीत, त्यामुळे बी धरत नाही. बी नाही म्हणून फळ खाण्याजोगे; आणि बी नाही म्हणूनच ही झाडे माणसावाचून दूरवर पसरू शकत नाहीत. कंदाला फुटलेला मुनवा कुणीतरी खणायचा, दुसरीकडे न्यायचा आणि लावायचा, हाच तिचा प्रवास.

पापुआ न्यू गिनीतल्या कुक येथील दलदलीत सुमारे साडेसहा ते सात हजार वर्षांपूर्वीच्या केळीच्या लागवडीचे पुरावे सापडले आहेत. तिथल्या कुणा अनामिकाने मुनवा उचलला तेव्हापासून आजीच्या सासूपर्यंत ही साखळी माणसांच्या हातांची आहे. एकेका जातीसाठी ती एकदा तुटली की पुन्हा जोडायला मातीत पडलेले बी नसते.

या साखळीतला सर्वांत गाजलेला दुवा एकोणिसाव्या शतकातला. दक्षिण चीनमधली एक बुटकी केळ मॉरिशसमार्गे १८२९च्या सुमारास इंग्लंडला पोचली. चॅट्सवर्थ येथे ड्यूक ऑफ डेव्हनशायर विल्यम कॅव्हेंडिश यांचा माळी जोसेफ पॅक्स्टन याने ती काचघरात वाढवली. १८३५ साली ती फुलली आणि मालकाच्या आडनावावरून तिला कॅव्हेंडिश हे नाव मिळाले. तिथून मिशनरी जॉन विल्यम्स यांच्याबरोबर तिचे मुनवे सामोआला गेले आणि पुढे पॅसिफिक बेटांवर पसरले. विसाव्या शतकाच्या मध्याला ग्रो मिशेल ही निर्यातीची जात पनामा मर रोगाने उद्ध्वस्त झाली, तेव्हा जगाच्या बाजाराने कॅव्हेंडिश कुळाला जवळ केले. आपली बसराई याच कुळातली आणि जळगावच्या शिवारात आज दिसणारी ग्रँड नैनही.

इथवर वाचताना मला मुनव्याच्या देवाणघेवाणीचे कौतुकच वाटत होते. पण या गोष्टीला दुसरी बाजू आहे. १८८९ साली फिजीमध्ये केळीच्या एका रोगाची नोंद झाली. पाने अरुंद होतात, ताठ उभी राहतात, शेंड्याशी गुच्छ होतो आणि घड येत नाही. हाच पर्णगुच्छ. पुढे तो ऑस्ट्रेलियात पोचला आणि १९२०च्या दशकात न्यू साउथ वेल्स व दक्षिण क्वीन्सलंडमधल्या बागा त्याने कोलमडून टाकल्या. १९२७ साली चार्ल्स मॅगी यांनी दाखवून दिले की हा रोग केळीवरच्या माव्यामुळे झाडाझाडांत पसरतो. दूरच्या गावी मात्र तो रोगट मुनव्यातून जातो. १९४०च्या सुमारास तो केरळात दिसला. तमिळनाडूच्या डोंगरांतली विरूपाक्षी ही नामांकित केळ पुढे त्यानेच खालावली.

आमच्या वाडीत तो मी आणला. २०१० साली एका परिचिताच्या परसात मला तांबड्या केळीचे सुंदर बेट दिसले. आमची तांबडी केव्हाच गेली होती. मी मुनवा मागितला, त्यांनी आनंदाने दिला. मुनवा तलवारीसारख्या निमुळत्या पानांचा होता आणि चांगला मुनवा असाच असतो, हे आजीने शिकवलेले. पण नव्या झाडाच्या देठांवर गडद हिरवे ठिपके आणि रेघा असतात का, ते उजेडाकडे धरून पाहायचे असते, हे मला ठाऊक नव्हते. वर्षभरात राजेळीच्या बेटाची पाने ताठ उभी राहू लागली. या रोगावर औषध नाही. आधी मावा मारायचा आणि मग सगळे बेट कंदासकट काढायचे. मी रॉकेल ओतले, कुदळ घेतली. आजी तेव्हा नव्हती, याचे मला त्या दिवशी बरे वाटले.

त्यानंतर दोन वर्षे मी त्या जागी केळ लावली नाही. रोपवाटिकेत चौकशी केली. ऊतिसंवर्धित रोपे मिळाली, विषाणूची तपासणी केलेली. पण सगळी ग्रँड नैन. त्यात रोपवाटिकेचा दोष नाही, मागणी असते तेच रोप तयार होते. तिरुचिरापल्लीला १९९३ पासून केळीचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, बेल्जियममधल्या लुव्हेन येथे जगभरच्या दीड हजारांहून अधिक नमुन्यांचा संग्रह आहे. जाती सांभाळायचे काम तिथे होते. पण सुकेळीसाठी फळ केव्हा उतरवायचे आणि मांडव कोणत्या बाजूला घालायचा, हे संग्रहात राहत नाही. ते जिथे फळ लागते तिथेच टिकते.

२०१३च्या दिवाळीत आगाशीच्या एका नात्यातल्या मावशींकडे फराळाला गेलो होतो. त्यांच्या मागच्या दारी राजेळी उभी. मी काही विचारण्याआधीच मावशी म्हणाल्या, “तुझ्या आजीकडचाच मुनवा हा. माझ्या थोरल्याच्या बारशाला आली होती, तेव्हा घेऊन आली.” थोरला आता पन्नाशीचा आहे. मी प्रत्येक देठ उजेडाकडे धरून पाहिला. मावशींना ते जरा विचित्र वाटले असावे. मग एक मुनवा मागून आणला, वाडीच्या दुसऱ्या टोकाला, इतर केळींपासून दूर लावला आणि वर्षभर त्यावर नजर ठेवली.

२००९ साली आमच्या भागात महानगरपालिका आली. त्याच्याही आधीपासून वाड्यांचे भूखंड होत होते, बावखले बुजत होती. परसात पाच जाती ठेवायला आता जागा कुठे, असे कुणी विचारले तर माझ्याकडे सोपे उत्तर नाही. पण पाचांपैकी एक ठेवता येते, दुसरी शेजाऱ्याकडे ठेवता येते. आजीने मुनवा दिला नसता, तर तिचे बेट खणून काढल्या दिवशीच आमच्या घरची राजेळी संपली असती.

गेल्या उन्हाळ्यात पुन्हा सुकेळी घातली. पहिल्या पुडक्यातली जरा चिवट झाली, कारण फळ दोन दिवस आधीच उतरवले होते. या वर्षी बेटाला चार मुनवे आहेत. दोन ठेवणार आहे, दोन देणार आहे. घेणाऱ्याला देठ उजेडाकडे धरायला आधी शिकवीन.