युद्धविरोधापासून सिद्धगडापर्यंत

मुंबईहून कर्जतकडे जाताना नेरळच्या अलीकडे शेलू हे लहानसे स्थानक लागते. एका अंगास माथेरानचा डोंगर, दुसऱ्या अंगास दूर पूर्वेकडे सिद्धगडाची रांग. या टापूत १९४२ साली जे घडले त्यास सरकारने गुन्हेगारी म्हटले, लोकांनी देशभक्ती म्हटली. दोन्ही नावे थोडी घाईने दिलेली आहेत असे आम्हांस वाटते.

आरंभ निव्वळ युद्धविरोधाचा होता. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने येथील लोकांस न विचारता हिंदुस्थान युद्धात ओढला. १७ ऑक्टोबर १९४० रोजी पवनारास विनोबांनी ‘या युद्धास साह्य करू नका’ एवढेच जाहीर सांगून सत्याग्रह आरंभिला आणि तुरुंग पत्करला. इतका सौम्य निषेधही जेथे शिक्षापात्र ठरला, तेथे तरुणांचा शब्दांवरील विश्वास उडाला यात नवल कसले? ऑगस्ट १९४२ मध्ये पुढारी गजाआड गेले, विद्यार्थी कॉलेजे सोडून बाहेर पडले. ९ सप्टेंबरास नंदुरबार येथे शिरीषकुमार हा शाळकरी मुलगा मिरवणुकीत गोळीस बळी पडला.

माथेरानचे विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल विद्यार्थी नव्हते. ते तिशीच्या उंबरठ्यावरचे वकील होते. खेड्यांतून शाळा काढाव्या, अडलेल्या शेतकऱ्यास धान्य मिळवून द्यावे, हे त्यांचे काम. त्यांच्या आझाद दस्त्याने रान धरले आणि मुंबईस वीज नेणारे मनोरे पाडण्यास प्रारंभ केला. हिशेब उघड होता: वीज खंडली की गिरण्या व रेल्वे अडतात, आणि युद्धाचा पुरवठा लंगडा पडतो. रोख लोखंडावर होता, माणसावर नव्हे. २ जानेवारी १९४३ रोजी पोलिसांनी सिद्धगडाच्या रानात त्यांस गाठले. कोतवाल व मानिवलीचे हिराजी पाटील तेथेच ठार झाले.

पुरते तीन आठवडेच लोटले असतील, तोच २४ जानेवारीस पुण्याच्या कॅपिटॉल चित्रगृहात बॉम्ब उडाला. चित्रपट पाहावयास आलेले गोरे लोक त्यात मेले. याच प्रकरणातील भास्कर कर्णिक या तरुणाने साथीदारांची नावे फुटू नयेत म्हणून पोलिसांच्या ताब्यात असताना विष घेतले. त्याच्या धैर्यापुढे मान लवते. तथापि खेळ पाहात बसलेला शिपाई आणि विजेचा मनोरा यांस एकाच मापाने मोजण्यास मन धजत नाही. सरकारी दप्तराने मात्र दोहोंस एकाच रकान्यात घातले, आणि आमची स्मारकेही पुष्कळदा तेच करतात.

१९४४ साली सुटून आल्यावर गांधीजींनी गुप्तपणा त्याज्य ठरविला व भूमिगतांस प्रकट होण्यास सांगितले. अच्युतराव पटवर्धन तरीही १९४६ पर्यंत पोलिसांच्या हाती लागले नाहीत. सिद्धगडच्या दोघांस तो सल्ला मानावा की न मानावा, हे ठरविण्याची वेळच आली नाही.