पाठीराखा पती (मराठी चरित्रनाट्यातील)

पाठीराखा पती : कर्तबगार स्त्रियांच्या जीवनावर आधारलेल्या मराठी कादंबऱ्या, नाटके, चित्रपट व दूरचित्रवाणी मालिका यांतून रूढ झालेले एक पात्र. घरातली वडीलधारी माणसे आणि समाज विरोधात असताना हा पती पत्नीच्या हाती पाटी देतो, लोकांचे टोमणे झेलतो आणि तिच्या शिक्षणासाठी स्वतःची प्रतिष्ठा पणाला लावतो. श्री. ज. जोशी यांची आनंदी गोपाळ ही कादंबरी, रमाबाई रानडे यांच्यावरील उंच माझा झोका ही मालिका (झी मराठी, २०१२-१३), समीर विद्वांस दिग्दर्शित आनंदी गोपाळ हा चित्रपट (२०१९) आणि सावित्रीजोती ही मालिका (सोनी मराठी, २०२०) यांमुळे तो घरोघरी पोचला. हे पात्र लोकप्रिय आहे, पण त्याच्या नावावर दोन वेगळ्या गोष्टी एकत्र खपतात : पत्नीला घडवणे आणि पत्नीला साथ देणे. पहिलीत ध्येय पतीचे असते, दुसरीत पत्नीचे. हा फरक पारखण्यासाठी वऱ्हाडातील, म्हणजे अकोला-अमरावती भागातील, दोन सहजीवनांचा दाखला विशेष उपयोगी पडतो.

घडवण्याचे ठळक उदाहरण गोपाळराव जोशी यांचे. टपाल खात्यातल्या या विधुराशी १८७४ मध्ये लग्न झाले तेव्हा आनंदीबाई नऊ वर्षांच्या होत्या आणि गोपाळराव त्यांच्याहून सुमारे वीस वर्षांनी मोठे. त्यांनी शिकवले नसते तर १८८६ मध्ये पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यक महाविद्यालयाची एम. डी. पदवी आनंदीबाईंना मिळाली नसती, हे निर्विवाद आहे. पण अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रांत त्यांनी लहानपणी खाल्लेल्या माराची, अंगावर फेकलेल्या लाकडांची आणि खुर्च्यांची आठवण स्वतःच करून दिली आहे. दुसरीकडे, प्रस्थानापूर्वी १८८३ मध्ये श्रीरामपूर (बंगाल) येथे केलेल्या भाषणात वैद्यक शिकण्याचे कारण त्या आपल्या तोंडाने सांगतात : हिंदुस्थानातील बायकांना स्त्री-डॉक्टरची गरज आहे. या दोन पुराव्यांमधून नवऱ्याच्या हट्टापासून सुरू झालेला आणि स्वतःच्या निश्चयापर्यंत पोचलेला एक प्रवास दिसतो. कथेचे केंद्र गोपाळरावांच्या तऱ्हेवाईक जिद्दीत ठेवले की या प्रवासाचा उत्तरार्ध झाकोळतो. प्रेक्षक पतीच्या त्यागाने गहिवरतो आणि पत्नीचा निर्णय हा त्या त्यागाचे फळ एवढाच उरतो.

रमाबाई रानडे यांची कहाणी सौम्य आहे, तरी तिची ठेवण तीच. १८७३ मध्ये विवाह झाला तेव्हा त्या अकरा वर्षांच्या आणि न्यायमूर्ती रानडे एकतीस वर्षांचे होते. घरातल्या बायकांचा रोष पत्करून पतीच्या इच्छेने त्या शिकल्या. आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी (१९१०) या आत्मकथनात हा ताण त्यांनी नोंदवला आहे. पण त्यांच्या कर्तृत्वाचा मोठा भाग १९०१ मध्ये रानडे यांचे निधन झाल्यानंतरचा आहे. पुण्याचे सेवासदन हे त्याचे ठळक उदाहरण. पाठीराखा गेल्यावरही काम वाढत राहते, तेव्हाच ते शिष्येचे न राहता तिचे स्वतःचे झालेले असते. पतिपत्नीच्या सहवासावर उभ्या असलेल्या चरित्रकथेची गोडी मात्र सहवासाच्या वर्षांत असते, त्यामुळे हा पुढचा काळ तिच्यात उपसंहारासारखा येतो.

यावर पहिला आक्षेप असा घेतला जातो की त्या काळात पतीखेरीज दुसरा मार्गच नव्हता, तेव्हा घडवणे आणि साथ असा भेद करणे म्हणजे आजच्या फूटपट्टीने काल मोजणे होय. आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. बालविवाहाच्या चौकटीत मुलीच्या शिक्षणाची किल्ली सासरच्या पुरुषाच्या कमरेला असे. परंतु फूटपट्टी आजची आहे, हे मान्य करता येत नाही. आनंदीबाईंची पत्रे त्याच काळातली आहेत. वऱ्हाडातल्याच बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी स्त्रीपुरुषतुलना हे पुस्तक १८८२ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात बायकांवर ठेवलेल्या दोषांची झडती पुरुषांच्याच वागण्यावरून घेतली आहे. या लेखनामागे पाठीराखा पती नव्हता. टीका झाली तेव्हा जोतीराव फुले त्यांच्या बाजूने लिहिते झाले. खुद्द फुले दांपत्यही याच शतकातले. त्यांच्या वयांत केवळ चार वर्षांचे अंतर होते. सावित्रीबाईंचा काव्यफुले हा संग्रह १८५४ मध्ये, म्हणजे शाळेच्या ऐन धामधुमीत निघाला, आणि १८९० मध्ये जोतीराव गेल्यानंतर १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना मृत्यू येईपर्यंत त्या कामात होत्या. साथ हा प्रकार काळाला अज्ञात नव्हता. तो दुर्मीळ होता.

तो कोणत्या परिस्थितीत शक्य होतो, हे वऱ्हाडची उदाहरणे दाखवतात. अकोला जिल्ह्यातील मूर्तिजापूर येथे १९०१ मध्ये जन्मलेले आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवी अनिल, आणि अमरावतीत १९०४ मध्ये जन्मलेल्या कुसुम जयवंत, म्हणजे पुढच्या कुसुमावती देशपांडे, यांची ओळख शिक्षणाच्या काळात झाली. त्यांची विवाहपूर्व पत्रे कुसुमानिल या नावाने १९७२ मध्ये ग्रंथरूपाने आली. इंग्रजी साहित्याच्या अभ्यासासाठी कुसुमावती लंडनला गेल्या आणि परतल्यावर १९२९ मध्ये विवाह झाला. येथे प्रियकराने वाट पाहिली. शिकायला पाठवले नाही, कारण पाठवण्याचा अधिकार त्याचा नव्हताच. विवाहानंतर कुसुमावती नागपूरला इंग्रजीच्या प्राध्यापक झाल्या, पुढे दिल्लीत आकाशवाणीवर गेल्या. दीपकळी, मोळी यांसारखे कथासंग्रह आणि पासंग हा समीक्षाग्रंथ त्यांनी लिहिला. अनिलांच्या मुक्तछंदाशी वा दशपदीशी या लेखनाचे गुरुशिष्याचे नाते नाही. दुसरे उदाहरण अमरावती जिल्ह्यातील पापळचे पंजाबराव देशमुख आणि मुंबईच्या विमल वैद्य यांचे. त्यांचा १९२७ मधील विवाह आंतरजातीय होता. विमलाबाईंनी विवाहानंतर कायद्यापर्यंतचे शिक्षण पुरे केले आणि पंजाबरावांच्या निधनानंतर त्या राज्यसभेच्या सदस्य झाल्या. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाला पंजाबरावांचे नाव आहे. विमलाबाईंची ओळख मात्र अनेकदा त्यांच्या पत्नी एवढ्यावरच थांबते.

दुसरा आक्षेप असा की ही जोडपी विसाव्या शतकातली, सुशिक्षित आणि सज्ञान. त्यांची तुलना नऊ वर्षांच्या मुलीशी कशी करायची? पण हा आक्षेप मूळ मुद्द्यालाच बळकटी देतो. लग्नसमयी कुसुमावती पंचविशीच्या उंबरठ्यावर होत्या, त्यांनी जोडीदार स्वतः निवडला होता आणि परत येण्याइतकीच न येण्याचीही मोकळीक त्यांना होती. पुरुषाचे मन मोठे असणे पुरेसे नाही. स्त्रीला नकार देता येत असेल तरच त्या मोठेपणाला साथ म्हणता येते. मुलींच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदाही १९२९ चाच. व्यक्तीच्या उदारतेपेक्षा वय, शिक्षण आणि निवड यांची चौकट निर्णायक असते, हे चरित्रकथांतून क्वचितच सांगितले जाते, कारण चौकटीपेक्षा माणूस पडद्यावर सोपा जातो.

पाठिंब्याच्या नावाखाली होणाऱ्या वगळणुकीचे नमुनेदार चित्र मराठीबाहेर ब्रॅम स्टोकर यांच्या ड्रॅक्युला (१८९७) या रक्तपिपासूच्या कादंबरीत आहे. शिक्षिका असलेली मीना लघुलेखन शिकते, सर्वांच्या रोजनिश्या टंकलिखित करून शत्रूविरुद्धचा पुरावा जुळवते. तिचे कौतुक करणारे पुरुष तिच्या भल्यासाठी म्हणून तिला मसलतीतून बाहेर ठेवतात, आणि नेमक्या त्याच काळात ड्रॅक्युला तिच्यापर्यंत पोचतो. पुढे तिला पुन्हा विश्वासात घेतल्यावरच त्याचा माग लागतो. कौतुक आणि सहभाग यांतले अंतर किती घातक असते, हे भयकथेने चरित्रकथेपेक्षा स्पष्ट मांडले आहे.

म्हणून या पात्राचे मूल्यमापन पतीने किती सोसले यावरून न करता पत्नीचा स्वतंत्र निर्णय कथेत कितपत दिसतो यावरून करणे योग्य ठरते. गोपाळरावांचे ऋण नाकारण्याचे कारण नाही. त्या ऋणात आनंदीबाईंचा निश्चय बुडवण्याचेही नाही. मराठी साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांच्या यादीत १९५८ च्या मालवण संमेलनापुढे अनिलांचे नाव आहे आणि १९६१ च्या ग्वाल्हेर संमेलनापुढे कुसुमावती देशपांडे यांचे. संमेलनाच्या त्या पहिल्या स्त्री-अध्यक्ष. दोघांची नोंद स्वतंत्र ओळींत आहे.