बारा व्होल्टला कोण घाबरतंय? गाडीतल्या फ्यूजबॉक्सची गोष्ट

हेडफोन लावलेत? विरार लोकलमध्ये उभे असाल तर एका हाताने दांडी धरा आणि ऐका. आजचा विषय ऐकायला गॅरेजवाला वाटेल, पण आहे इतिहासाचा. गाडीत जास्तीचे दिवे, मोबाइल चार्जर, डॅशकॅम, मोठा हॉर्न लावायचा असेल तर हल्ली चांगला वायरमन सांगतो, "वेगळा फ्यूजबॉक्स टाकून घे." हा वेगळा डबा आला कुठून? आणि तो नसला तर काय होतं?

सुरुवात घरातून करतो. माझे मामा वसईची भाजी रात्री टेम्पोत भरून दादरला न्यायचे. टेम्पोला त्यांनी पुढे दोन जास्तीचे दिवे लावले होते, तार थेट बॅटरीवरून घेतलेली. मध्ये फ्यूज नाही. एका रात्री वसई फाट्याच्या पुढे बॉनेटमधून धूर यायला लागला. पत्र्याच्या कडेला घासून घासून तारेवरचं प्लॅस्टिक गेलं होतं आणि उघडं तांबं चॅसिसला टेकलं होतं. मामांनी पान्याने बॅटरीचा टर्मिनल सोडवला म्हणून टेम्पो वाचला. त्या टेम्पोवर कर्ज होतं, आत शेजारच्या चार घरांची भाजी होती. नंतर मामा एकच वाक्य म्हणायचे, "अरे, बारा व्होल्ट तर आहे, असं वाटलं होतं."

आजच्या एपिसोडची चावी या वाक्यात आहे.

आपण सगळे विजेच्या रेल्वेखाली वाढलेले लोक. १२ एप्रिल १८६७ ला विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली, ती वाफेवर. १९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत वीज आली आणि १९३६ मध्ये विरारपर्यंत. तेव्हा वरच्या तारेत १,५०० व्होल्ट डीसी होते. पश्चिम रेल्वेने २०१२ मध्ये तो बदल पूर्ण केला आणि आज तिथे २५,००० व्होल्ट एसी आहेत. म्हणून टपावर चढू नका, अशी सूचना लहानपणापासून कानावर पडते. व्होल्ट म्हणजे भीती, हे डोक्यात पक्कं बसलंय.

पण गंमत बघा. रेल्वेने व्होल्ट वाढवले कशासाठी? तेवढीच ताकद जास्त व्होल्टवर पाठवली, की तारेतून कमी करंट जातो. आणि तार तापते ती करंटमुळे. करंट दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. आता हाच हिशोब उलटा लावा. घरात १०० वॅटचा बल्ब २३० व्होल्टवर अर्धा अँपियरसुद्धा घेत नाही. गाडीत तोच १०० वॅटचा भार १२ व्होल्टवर आठ अँपियरच्या वर जातो. म्हणजे बारा व्होल्ट शॉक देत नाही, पण तार तापवण्यात घरच्या विजेपेक्षा पुढे आहे. त्यात जी बॅटरी स्टार्टर फिरवायला शेकडो अँपियर देते, ती शॉर्ट सर्किटलाही तितक्याच उदारपणे देते. मामांच्या तारेचं हेच झालं.

मग यावर उपाय कुणी काढला? गोष्ट गाडीच्या आधीची आहे, तारायंत्राच्या काळातली. आकाशातली वीज तारेवर पडली की ती थेट ऑफिसात शिरायची. १८४७ मध्ये फ्रान्सच्या लुई ब्रेगे यांनी सुचवलं, की ऑफिसात येणाऱ्या तारेचा एक तुकडा मुद्दाम बारीक ठेवा. धोका आला तर तो तुकडा वितळेल, माणूस आणि यंत्र वाचेल. विचार किती साधा! सगळीकडे मजबुती शोधणाऱ्या इंजिनिअरने एक जागा मुद्दाम कच्ची ठेवली.

एडिसनने १८८० मध्ये याच कल्पनेवर पेटंट घेतलं. त्याला घरोघरी दिवे विकायचे होते, आणि दिव्यामुळे घरं जळाली असती तर धंदा पहिल्याच दिवशी संपला असता. १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याचं पर्ल स्ट्रीट वीजकेंद्र सुरू झालं, तोवर फ्यूज हा विजेच्या धंद्याचा भाग झाला होता. आपल्या जुन्या घरांत मीटरखाली चिनी मातीचे कटआउट असायचे, ते याच घराण्यातले. फ्यूज उडाला की बाबा स्टुलावर चढून तार बांधायचे. आणि बारीक फ्यूजवायर सापडली नाही, तर कुणीतरी तांब्याची जाड तार गुंडाळायचं. दिवे लागायचे, सगळे खूश. पण ती मुद्दाम ठेवलेली कच्ची जागा आपणच पक्की करून टाकलेली असायची.

गाड्यांना हे शहाणपण फार उशिरा आलं. १९०८ साली आलेल्या फोर्डच्या मॉडेल टी मध्ये एकही फ्यूज नव्हता. जपायला विजेचं फारसं काही नव्हतंच. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंगचा इलेक्ट्रिक स्टार्टर आला. हँडल मारायची कटकट गेली, पण गाडीत मोठी बॅटरी कायमची राहायला आली. त्यानंतर दिवे, हॉर्न, वायपर, रेडिओ सगळे एकेक करून त्याच बॅटरीवर आले.

आपली अँबॅसेडर ज्या मॉरिस ऑक्सफर्डवरून आली, त्या काळातल्या ब्रिटिश गाड्यांत सगळ्या गाडीला मिळून जेमतेम दोन काचेचे फ्यूज असायचे. एकेका फ्यूजवर चार-पाच गोष्टी, आणि हेडलाइटला अनेकदा फ्यूजच नाही. कंपनीचाही एक तर्क होता. रात्री घाटात फ्यूज उडून अंधार झाला तर काय? युरोपातल्या गाड्यांत दोन्ही टोकांना निमुळते, चिनी मातीचे, वरून धातूची पट्टी असलेले फ्यूज असायचे. ते गंजून सैल व्हायचे, मग लोक सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळायचे. घरातल्या तांब्याच्या तारेची ही गाडीतली बहीण.

१९७० च्या दशकात अमेरिकेच्या लिटलफ्यूज कंपनीने प्लॅस्टिकचा, दोन पात्यांचा फ्यूज आणला. आज तुमच्या गाडीत आहे तोच. रंगावरून अँपियर कळतात: १० लाल, १५ निळा, २० पिवळा, ३० हिरवा. वाचता न येणाऱ्यालाही बरोबर फ्यूज बदलता यावा, ही सोय. आणि डब्यात जागा कमी लागते, म्हणून प्रत्येक गोष्टीला आपापला फ्यूज देणं परवडू लागलं.

आता प्रश्न असा, की कंपनी इतके फ्यूज देते तर वेगळा डबा कशाला? कारण कंपनीने तार आणि फ्यूज मोजून दिलेत, तिच्या स्वतःच्या सामानापुरते. फॉगलाइट हेडलाइटच्या तारेला जोडले, की त्या तारेवर दोघांचा भार येतो. फ्यूज उडायला लागतो. मग कुणीतरी १५ च्या जागी ३० चा टाकतो. फ्यूज उडायचा थांबतो आणि तार तापायला लागते. इथे एक गोष्ट मनात कोरून ठेवा: फ्यूज हा दिव्याला जपत नाही, तो तारेला जपतो. म्हणून फ्यूज नेहमी तारेच्या ताकदीपेक्षा कमीचा.

वेगळ्या फ्यूजबॉक्सची मांडणी साधी आहे. बॅटरीच्या प्लसवरून एक जाड तार निघते, समजा ६ चौरस मिलिमीटरची. बॅटरीच्या अगदी जवळ, वीतभर अंतरात, तिला ३० अँपियरचा मुख्य फ्यूज. जवळच का? कारण बॅटरी आणि फ्यूज यांच्या मधल्या तुकड्याला वाचवणारं कुणी नसतं. मामांची तार म्हणजे पुरता तोच तुकडा होता. पुढे रिले. त्याच्यावर आकडे असतात: ३० ला बॅटरी, ८७ ला फ्यूजबॉक्स, ८५ ला अर्थ आणि ८६ ला चावी चालू केल्यावर येणारा बारीक करंट. चावी काढली की सगळं बंद, सकाळी बॅटरी मेलेली नाही. रिलेनंतर डबा, आणि डब्यातून प्रत्येक वस्तूला आपली तार, आपला फ्यूज. ५५ वॅटचे दोन दिवे म्हणजे ११० भागिले १२, साधारण नऊ अँपियर, म्हणून तिथे १५ चा फ्यूज आणि त्याला झेपणारी तार. मोबाइल चार्जरला ५ चा पुरतो. काम सुरू करण्याआधी बॅटरीचा मायनस काढा. मूळ वायरिंग कापू नका, नंतर वॉरंटी आणि विम्यावरून वाद होऊ शकतो. आणि डोळे दिपवणारे दिवे, चित्रविचित्र हॉर्न लावून नियम मोडायला हा डबा नाही, हेही सांगून ठेवतो.

आपल्या भागासाठी एक खास सूचना. अर्नाळ्यापासून वसईच्या खाडीपर्यंत हवेत मीठ आहे. पिळून चिकटपट्टी लावलेल्या जोडावर एका पावसाळ्यात हिरवा थर येतो. जोड दाबून पक्का केलेला हवा आणि वर पाणी शिरणार नाही अशी नळी. डबा बॉनेटमध्ये जमेल तितका वर. १० जुलै २०१८ आठवतोय? नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी, गाड्या बंद. ज्याने तो आठवडा इथे काढलाय, त्याला डबा वर का, हे समजवावं लागत नाही.

मामांनी पुढच्याच आठवड्यात फ्यूजबॉक्स बसवून घेतला. आणि डब्याच्या झाकणाला आतून दोन जादा फ्यूज चिकटपट्टीने लावून ठेवले, एक निळा, एक लाल. विचारलं तर म्हणाले, "रात्री हायवेवर हाताशी बरोबर फ्यूज नसला, की माणूस चांदी शोधतो."

आज घरी गेलात की गाडीच्या फ्यूजबॉक्सचं झाकण एकदा उघडून बघा. झाकणावरचा आकडा आणि आतल्या फ्यूजचा आकडा जुळतोय का, तेवढं पाहा. जुळत नसेल, तर तुमच्या आधी तिथे कुणीतरी घाई केली आहे. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. विरार आलं, सांभाळून उतरा!