कोणते कोर्ट, कोणता खटला? : भीतीच्या प्रचाराच्या अभ्यासाची प्रस्तावना

पॅरिसला या, असे आग्रहाने बोलावणारी पर्यटनाची जाहिरात असावी तशी ती चित्रफीत आहे. फक्त तिच्यात मोनालिसा बुरख्यात असते, शाळेतली पोरे खिलाफतीसाठी लढायचे धडे गिरवत असतात आणि आर्क द त्रियोंफपाशी जिहादींचा जयजयकार चाललेला असतो. हे म्हणे ‘इस्लामिक स्टेट ऑफ फ्रान्स’. शरियतचे नियम पाळा आणि खुशाल मजा करा. २०१६ च्या अमेरिकन अध्यक्षीय निवडणुकीच्या शेवटच्या आठवड्यांत ‘सिक्युअर अमेरिका नाउ’ या गटाने ही चित्रफीत आणि तिच्या जोडीची जर्मनीवरची चित्रफीत नेवाडा, नॉर्थ कॅरोलिना अशा काठावरच्या राज्यांतल्या मतदारांपुढे फेसबुक आणि गूगलवरून नेली. तिसरीत खुद्द अमेरिकाच होती आणि बुरखा स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्याला होता. नेमका कोणता मतदार गाठायचा यासाठी दोन्ही कंपन्यांच्या माणसांनी या गटाला मदत केली, असे ब्लूमबर्गने वर्षभराने, २०१७ मध्ये, छापले.

ही चित्रफीत पाहून कुणी चिडेल, कुणी हसेल. या विषयात पाऊल टाकणाऱ्याने मात्र एक रुक्ष प्रश्न विचारावा : या फ्रान्समध्ये शरियत लागू कोण करते? कोणते कोर्ट, कोणत्या खटल्यात, कोणाविरुद्ध? चित्रफितीत याचे उत्तर नाही. कायदा म्हटला की वादी आला, प्रतिवादी आला, पुरावा आला, अपील आले. जाहिरातीतल्या कायद्याला यातले काहीच लागत नाही, आणि म्हणूनच तो इतका भयंकर दिसू शकतो. भीतीच्या प्रचाराचा अभ्यास आणि धर्माच्या कायद्याचा अभ्यास हे दोन वेगवेगळ्या विभागांत, वेगवेगळ्या मजल्यांवर चालतात. माध्यमांचे अभ्यासक निकालपत्रे वाचत नाहीत, कायद्याचे अभ्यासक जाहिराती बघत नाहीत. पुढच्या पानांत या दोघांना एका टेबलाशी बसवायचे आहे, आणि तिसरी खुर्ची मानसशास्त्राची आहे.

सुरुवात २०१६ पासून करू नये. इंटरनेटने हे सारे जन्माला घातले, हा समज अभ्यासाच्या पहिल्याच आठवड्यात टाकून द्यावा लागतो. १९२७ च्या एप्रिलमध्ये ‘द अटलांटिक मंथली’त चार्ल्स मार्शल या वकिलाचे एक उघड पत्र आले. ते होते न्यूयॉर्कचे गव्हर्नर आल्फ्रेड स्मिथ यांना. स्मिथ कॅथलिक, आणि पुढच्या वर्षीच्या अध्यक्षीय निवडणुकीत डेमोक्रॅटिक पक्षाचे संभाव्य उमेदवार. मार्शल यांचा मुद्दा कायद्याचा होता : पोपच्या पत्रकांत चर्चचा अधिकार राज्याच्या वर ठेवलेला आहे, मग अशा चर्चचा अनुयायी अमेरिकन संविधानाशी एकनिष्ठ कसा राहील? भाषा सभ्य, पानोपानी उतारे, शिवीगाळ कुठेही नाही. स्मिथ यांनी पुढच्याच महिन्यात उत्तर दिले. आपण १९ वेळा पदाची शपथ घेतली आहे आणि धर्म आणि पद यांत कधी झगडा आला नाही, असे त्यांनी आपल्या कारभाराचे दाखले देत सांगितले. थोडक्यात, कोणते कोर्ट आणि कोणता खटला, हेच त्यांनी उलटे विचारले.

हा पत्रव्यवहार नव्या अभ्यासकाने मुळातून वाचावा असे मला वाटते, कारण शंभर वर्षांत यापेक्षा वरच्या पातळीवर हा वाद क्वचितच झाला आहे. पण प्रचारात पत्रव्यवहार कोण वाचतो? १९२८ साली गावोगाव पत्रके फिरली. न्यूयॉर्कच्या नव्या हॉलंड टनेलचे फोटो दाखवून हा बोगदा थेट रोमपर्यंत जाणार आहे, असे सांगितले गेले. मार्शल यांचा धर्मकायद्याचा युक्तिवाद आणि बोगद्याची कंडी यांच्यात तर्काचा धागा नाही, पण एकाच निवडणुकीत एकाने दुसऱ्याला प्रतिष्ठा दिली आणि दुसऱ्याने पहिल्याला पाय दिले. ही जोडी पुढे पुन्हा पुन्हा भेटते : वर एक अभ्यासपूर्ण वाटणारा अहवाल, खाली एक चित्र. स्मिथ हरले, अवघी ८ राज्ये त्यांच्या वाट्याला आली. धर्मामुळे हरले, दारूबंदीला विरोध केल्यामुळे हरले की प्रतिस्पर्धी हूवर यांच्या पक्षाच्या काळात लोकांच्या खिशात पैसे खुळखुळत होते म्हणून हरले, यावर इतिहासकारांचे एकमत नाही. भीतीच्या जाहिरातीने निवडणूक फिरवली, असे कोणी ठामपणे सांगू लागला की हे १९२८ आठवावे. १९६० मध्ये कॅथलिक उमेदवार जॉन केनेडी यांनी १२ सप्टेंबरला ह्यूस्टनमध्ये प्रोटेस्टंट धर्मगुरूंसमोर जाऊन याच संशयाला उत्तर दिले आणि त्यांच्या प्रचारकांनी त्या भाषणाची चित्रफीत जाहिरात म्हणून दाखवली. ते निसटते का होईना, जिंकले.

आता मानसशास्त्र. डोळ्यांसमोर लगेच १९६४ च्या अध्यक्षीय प्रचारातली ‘डेझी’ ही जाहिरात येते : फुलाच्या पाकळ्या मोजणारी चिमुरडी, मग अणुस्फोट. ७ सप्टेंबरला ती पैसे देऊन एकदाच दाखवली गेली आणि नंतर बातम्यांनीच ती फुकट फिरवली. या जाहिरातीवर इतके लिहिले गेले आहे की मी तिथे थांबत नाही. मला जास्त महत्त्वाचे वाटतात ते कमी नाट्यमय प्रयोग. १९५३ साली जॅनिस आणि फेशबॅक यांनी शाळकरी मुलांना दातांच्या किडीची भीती घातली. ज्यांना सर्वांत जास्त घाबरवले त्यांच्या सवयी सर्वांत कमी सुधारल्या. १९६५ मध्ये लेव्हेंथाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येल विद्यापीठात विद्यार्थ्यांना धनुर्वाताची भयानक माहिती दिली. काहींना सोबत दवाखान्याचा नकाशा दिला आणि कधी जाणार ते ठरवायला लावले. नकाशावाल्यांपैकी २८ टक्के जाऊन लस टोचून आले, बाकीच्यांपैकी फक्त ३ टक्के. भीती कमी होती की जास्त, याने फारसा फरक पडला नाही. भीतीला वाट लागते, नाहीतर माणूस घाबरून तिथेच बसतो. राजकीय जाहिरातीची सोय अशी की तिच्या नकाशावर एकच ठिकाण असते, मतदान केंद्र. आणि तारीख सरकारने आधीच ठरवून दिलेली असते.

टेड ब्रेडर यांनी १९९८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये, तिथल्या गव्हर्नरपदाची प्राथमिक फेरी चालू असताना, मजकूर तोच ठेवून संगीत आणि चित्रे बदललेल्या जाहिराती मतदारांना दाखवल्या. उत्साहाची जाहिरात पाहून माणूस आपल्या आधीच्या निष्ठेला आणखी घट्ट धरतो. भीतीची पाहून तो सावध होतो, माहिती शोधतो, मत बदलायला तयार होतो. आणि अडाणी मतदारच भीतीला बळी पडतो, ही आपली सुशिक्षितांची लाडकी समजूत ब्रेडर यांच्या निष्कर्षांत टिकत नाही. राजकारणाची जाण असलेल्यांवरच परिणाम जास्त दिसला. वर्तमानपत्र रोज वाचणाऱ्यांनी हे वाक्य दोनदा वाचावे. पुढे बेथनी अल्बर्टसन आणि शाना गॅडेरियन यांनी २०१५ च्या पुस्तकात यात एक गाठ मारली : घाबरलेला माणूस माहिती शोधतो खरा, पण भीती वाढवणारी माहितीच निवडून शोधतो.

हे तिन्ही धागे एकत्र पाहायचे असतील तर ओक्लाहोमाला जावे. २ नोव्हेंबर २०१० ला, काँग्रेसच्या देशव्यापी निवडणुकीच्याच दिवशी, तिथल्या मतपत्रिकेवर ‘स्टेट क्वेश्चन ७५५’ होता. राज्याच्या कोर्टांनी आंतरराष्ट्रीय कायद्याचा किंवा शरियतचा विचार करू नये, अशी राज्यघटनेत दुरुस्ती करायची का? सुमारे ७० टक्के मतदारांनी होकार दिला. त्याच वर्षी ‘सेंटर फॉर सिक्युरिटी पॉलिसी’ या संस्थेचा शरियत हा अमेरिकेला धोका असल्याचा अहवाल निघाला होता आणि न्यूट गिंग्रिच यांच्यासारखे नेते शरियतविरोधी केंद्रीय कायदा मागत होते. म्हणजे वर अहवाल, खाली चित्र, आणि या खेपेस नकाशावरचे ठिकाणही हाताशी : मतपत्रिकेवरचा एक प्रश्न.

मुनीर अवाद या ओक्लाहोमातल्या मुस्लिम संघटनेच्या प्रमुखाने दावा लावला. त्याचे म्हणणे साधे होते. माझ्या मृत्युपत्रात इस्लामी नियमांचा उल्लेख आहे. कोर्टाने त्याकडे बघायचेच नाही असे ठरले, तर माझे मृत्युपत्र पूर्णपणे अमलात येणार नाही, मग मी मेल्यावर माझ्या मालमत्तेचे काय? केंद्रीय न्यायाधीश विकी माइल्स-लाग्रांज यांनी त्याच महिन्यात दुरुस्ती रोखली, २०१२ च्या जानेवारीत दहाव्या सर्किटच्या अपील कोर्टाने तो आदेश उचलून धरला आणि २०१३ मध्ये कायमची मनाई झाली. अपील कोर्टाच्या निकालातला एक मुद्दा मी विद्यार्थ्यांना नेहमी शोधायला सांगतो. ओक्लाहोमाच्या कोर्टाने शरियत लावल्याचे एक तरी उदाहरण दाखवा, असे विचारल्यावर राज्याच्या वकिलांना एकही दाखवता आले नाही. सत्तर टक्के लोकांनी ज्या संकटाविरुद्ध मत दिले, ते कोर्टात हजर झालेच नाही.

पण इथे घाईने टाळ्या वाजवू नयेत. बंदीच्या बाजूचे लोक एक खरा खटला दाखवत असत, न्यू जर्सीतला. पत्नीने संरक्षणाचा आदेश मागितला होता. पतीला आपले वागणे धर्मसंमत वाटत होते, म्हणून त्याचा हेतू गुन्हेगारी नव्हता, असे म्हणत खालच्या न्यायाधीशाने आदेश नाकारला. चूक गंभीर होती. २०१० च्या जुलैमध्ये अपील कोर्टाने ती दुरुस्त केली, तीही कोणत्याही नव्या बंदीविना, साध्या फौजदारी तत्त्वावर. प्रचारात पहिला निकाल फिरला. दुसऱ्याचा उल्लेख झालाच तर ओझरता. कण खरा असतो, राई खरी असते, पर्वत नसतो. अभ्यासकाने राईही नाकारू नये. उलट बाजूही पाहावी. अमेरिकन कोर्टे धर्माचे दस्तऐवज नेहमीच हाताळतात, पण करार म्हणून. १९८३ मध्ये न्यूयॉर्क राज्याच्या सर्वांत वरच्या कोर्टाने ज्यू विवाहकरारातली धर्मपंचायतीपुढे हजर राहण्याची अट बंधनकारक मानली. २००२ मध्ये न्यू जर्सीतल्या कोर्टाने मुस्लिम पत्नीला ठरलेली मेहरची रक्कम मिळवून दिली, तीही अमेरिकन करार-कायद्याखाली. सरसकट बंदी आली तर पहिला फटका या पत्नीसारखीला बसतो.

मराठी वाचकाची इथे हमखास गल्लत होते, म्हणून थोडे घरचे. आपल्याकडे १९३७ चा शरियत कायदा पुस्तकात आहे, हिंदूंचे वेगळे कायदे आहेत, आणि शेजारच्या गोव्यात पोर्तुगीज काळापासूनचा समान नागरी कायदा आहे. आपण ‘शरियत’ ऐकतो तेव्हा व्यक्तिगत कायदा ऐकतो. अमेरिकेत तसा वेगळा कायदाच नाही. म्हणून तिथला वाद समान नागरी कायद्याचा वाद समजून वाचू नये. दुसरा फरक जाहिरातीचा. १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १२३(३) धर्माच्या नावाने मत मागणे भ्रष्ट आचरण ठरवते. डिसेंबर १९८७ च्या विलेपार्ले पोटनिवडणुकीतला रमेश प्रभू यांचा विजय याखाली रद्द झाला आणि त्या प्रचारातल्या भाषणांमुळे बाळासाहेब ठाकरे यांचा मतदानाचा हक्क ६ वर्षे गेला. सांताक्रूझच्या १९९० च्या निवडणुकीतून निघालेल्या अभिराम सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०१७ ला, ४ विरुद्ध ३ अशा मतांनी, मतदाराचा धर्मही या कलमात येतो असे ठरवले. अमेरिकेत पहिल्या घटनादुरुस्तीमुळे मोनालिसाच्या चित्रफितीविरुद्ध असा दावा उभाच राहत नाही. कोणती पद्धत बरी, हे मी सांगणार नाही. आपला कायदा कागदावर कडक आहे आणि १९८७ च्या निवडणुकीचा अंतिम निकाल १९९५ मध्ये लागला, एवढेच नोंदवतो.

शेवटी एक शंका, जी वर्गात दरवर्षी कोणी तरी विचारतेच : मग धर्माच्या कायद्यावर टीका करणे म्हणजे भीतीचा प्रचारच का? १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाई यांनी ७ मुस्लिम महिलांना घेऊन मुंबईच्या विधिमंडळावर मोर्चा नेला. तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्व बंद करा, ही मागणी. १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ उभे राहिले. दलवाईंची टीका मवाळ नव्हती, त्यांना स्वकीयांचा रोषही पुरेपूर मिळाला. पण तिच्यात ज्यांचे नुकसान झाले त्या बायका समोर चालत होत्या, कायद्यातली नेमकी तरतूद सांगितलेली होती आणि उपाय मागितला होता सरकारकडे. २०१६ च्या चित्रफितीत यातले काहीच नाही. टीका आणि भयप्रचार यांतला फरक आवाजाच्या तीव्रतेत शोधाल तर सापडणार नाही. मार्शल सभ्य होते, दलवाई तिखट होते.

पुढची प्रकरणे कोणत्याही क्रमाने वाचली तरी चालतील. पण आधी एक संध्याकाळ काढून अवाद खटल्याचा २०१२ चा निकाल पूर्ण वाचा. तो फार लांब नाही, भाषा बऱ्यापैकी सोपी आहे आणि इंटरनेटवर फुकट मिळतो. चित्रफिती त्यानंतर बघा.