'इंद्रधनुषी' हादी : हैदराबाद राज्याच्या क्रीडा इतिहासातील एक अध्याय

आदिलाबाद जिल्ह्याच्या क्रीडा परंपरेचा विचार आजच्या सीमा धरून करता येत नाही. 1956 पर्यंत हा जिल्हा हैदराबाद राज्यात होता. त्या वर्षी राज्य पुनर्रचनेत त्याचे राजुरा व किनवटकडील मराठी भाग मुंबई राज्यात गेले. 2016 मध्ये उरलेल्या जिल्ह्याचेही चार जिल्हे झाले. त्यामुळे जुन्या हैदराबाद राज्यातील खेळाडूंचा वारसा सीमेच्या दोन्ही बाजूंचा सामाईक वारसा ठरतो. सय्यद मोहम्मद हादी हे त्यातील अग्रगण्य नाव होय.

हादी यांचा जन्म 1899 मध्ये हैदराबाद येथे झाला. वडील लष्करात अधिकारी होते. परंतु हादी लहान असतानाच त्यांचे निधन झाले. त्यांचे संगोपन नवाब आस्मान जाह यांच्या घराण्यात झाले. पुढे केंब्रिजच्या पीटरहाऊस महाविद्यालयात शिकत असताना त्यांचा टेनिसचा खेळ बहरला. 1924 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये भारताच्या टेनिस संघात सिडनी जेकब, मोहम्मद सलीम यांच्यासमवेत त्यांचा समावेश होता. 1924 व 1925 मध्ये ते डेव्हिस चषकातही खेळले.

टेनिस, क्रिकेट, हॉकी, फुटबॉल, टेबल टेनिस, बुद्धिबळ व पोलो या सात खेळांतील प्रावीण्यामुळे त्यांना 'रेनबो हादी' हे नाव पडले. रणजी करंडक स्पर्धेच्या पहिल्याच हंगामात, 1934-35 मध्ये, त्यांनी मद्रासविरुद्ध नाबाद 132 धावा केल्या. हे त्या स्पर्धेतील पहिले शतक होय. तेव्हा त्यांचे वय 35 होते. 1936 च्या इंग्लंड दौऱ्यावर ते गेले, मात्र कसोटी सामना त्यांच्या वाट्याला आला नाही. पुढे त्यांनी शारीरिक शिक्षण व क्रीडा प्रशासनात काम केले. 1971 मध्ये त्यांचे निधन झाले.

या चरित्रातून एक प्रश्न उभा राहतो. पोरक्या झालेल्या या मुलाच्या गुणांना नवाबाच्या घराण्याचा आधार मिळाला, म्हणून मैदान, साधने व परदेशी शिक्षण त्याच्या आवाक्यात आले. त्याच राज्यातील बोथ किंवा किनवटच्या मुलाला असा आधार कोठून मिळणार होता?

याचे एक उत्तर हैदराबादनेच दिले. उस्मानिया विद्यापीठात शिकलेले सय्यद अब्दुल रहीम पेशाने शिक्षक होते. त्यांच्या मार्गदर्शनाखाली भारतीय फुटबॉल संघाने 1951 व 1962 च्या आशियाई स्पर्धांत सुवर्णपदक मिळविले आणि 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये चौथा क्रमांक पटकावला. हादी यांच्यामागे एक घराणे उभे होते. रहीम यांच्या खेळाडूंमागे एक शिक्षक उभा राहिला.

ग्रामीण महाविद्यालयांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. नवाबांचा आश्रय इतिहासजमा झाला आहे. ती जबाबदारी आता महाविद्यालयाच्या मैदानावर आणि तेथे विद्यार्थ्यांसाठी वेळ देणाऱ्या प्राध्यापकांवर आली आहे. ती पार पाडली गेली नाही, तर बोथ-किनवटकडील पुढचा हादी नोंदीत येण्यापूर्वीच हरवून जाईल.